रॅम घ्यावी की ग्राफिक्स कार्ड?

मंडळी, मी आर्णीत लग्नाचं शूटिंग अन् व्हिडिओ एडिटिंग करते. आज लहान भाऊ सागरसोबत नव्या कॉम्प्युटरचे पार्ट निवडाले यवतमाळले गेलती. त्याले गेमसाठी मोठं ग्राफिक्स कार्ड पाहिजे होतं, मले एडिटिंगसाठी जास्त रॅम.

दुकानातच दारव्ह्याहून एका नवरीच्या वडिलांचा फोन आला. "ताई, बोंडअळीनं कापूस गेला. लग्न पुढच्या साली करू. शूटिंग राहू द्या."

यंदा पुढं ढकललेलं हे तिसरं लग्न. मी दुकानदाराले म्हटलं, "सध्या काहीच नको."

सागर हळूच म्हणाला, "ताई, कार्ड लहान घे, पण रॅम घेच. मी साधे गेम खेळीन."

घेतलं. आता कॉम्प्युटर झकास चालू आहे, पण एडिट कराले लग्नच नाही. तुमच्या गावात यंदा लग्नं होऊन राह्यली का?