टिटवीसाठी मागितलेला महिना

म्हात्रे सर गेल्याचं मला शाळेच्या शिपायाने फोनवर सांगितलं. "बाई, सकाळीच आटोपलं सगळं. पंधरा-वीस माणसं होती." अर्धं गाव ज्यांच्या हाताखाली शिकलं, त्यांच्यामागे पंधरा-वीस माणसं. दीड महिना झाला, तो आकडा मला अजून गिळता आलेला नाही.

सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, मी ऑफिसात हेडक्लार्क. ते मूळचे जूचंद्रचे, मी गोखिवऱ्याला फ्लॅट घेऊन आलेली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. उन्हाळी सुट्टीत रोज संध्याकाळी सर, वहिनी आणि मी जूचंद्रबाहेरच्या बंद मिठागरावर पाखरं बघायला जायचो. मला पाखरांचं वेड नव्हतं. पंख्याखाली घाम पुसत बसण्यापेक्षा खाडीचा वारा बरा, एवढंच. सर दुर्बीण हातात द्यायचे. "बाई, फाइल तपासता तसं बघा. घाई नको." मग दिसायचं. टिटवी डबक्यात पोट भिजवून यायची आणि ओल्या पिसांनी तापलेल्या अंड्यांवर बसायची... इतकी चोख व्यवस्था मी आमच्या ऑफिसात कधी पाहिली नाही.

एका मे महिन्यात तिथे डंपर आले. मिठागर भरून इमारती उठणार होत्या. मातीचे पहिले ढीग पडले आणि नेमकी त्यांच्याच मधल्या सपाटीवर टिटवीने चार अंडी घातली. कामच थांबवा, असं कंत्राटदाराला सांगायला सर निघाले. मी त्यांना अडवलं. "सगळं मागाल तर काहीच मिळणार नाही. एक महिना मागा. पिल्लं निघाली की झालं." माणूस किती मागितल्यावर हो म्हणतो, हे कळण्याइतके अर्ज मी निकाली काढले होते.

कंत्राटदार लगेच हो म्हणाला. चहाही पाजला. "मास्तर, तुमच्या पाखरांसाठी एवढं नाही करणार?" त्याने शब्द पाळला. ती बाजू सोडली आणि महिनाभर सगळी माती पलीकडे टाकली, गावाचं पावसाचं पाणी खाडीला नेणाऱ्या नाल्यावर. आम्ही रोज तिथेच बसायचो, डंपरांकडे पाठ करून. चारही पिल्लं निघाली. सरांनी मला पेढा दिला.

पावसाळ्यात नाल्याचं पाणी उलटं फिरलं आणि खालच्या आळीतल्या घरांत गुडघ्याच्या वर चढलं. लोक कंत्राटदाराकडे गेले. तो म्हणाला, "मी कुठे इकडे टाकणार होतो? तुमच्या मास्तरांनीच तिकडून हाकललं." दुसऱ्या दिवशी त्या आळीतली जनाबाई सरांच्या दारात भिजलेला तांदूळ ओतून गेली. "घे मास्तर, घाल तुझ्या पाखरांना. मानसं काय, उपाशी ऱ्हातील."

सरांनी तो तांदूळ स्वतः झाडून काढला. महिना मागायची कल्पना माझी होती, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. मीही नाही. मी त्या गावात राहतसुद्धा नव्हते, तरी नाही. सर पुन्हा मिठागराकडे फिरकले नाहीत. पुढे त्याच आळीतल्या काहींनी त्या इमारतींत फ्लॅट घेतले, वास्तुशांतीला कंत्राटदाराला मानाने बसवलं. सरांना आमंत्रण नव्हतं.

तेराव्यानंतर मी जनाबाईकडे गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ती ओट्यावर बोंबील साफ करत होती. हात थांबला नाही.

"मास्तर दारात उभा ऱ्हायला, आयकून घेतलं. तू कुठं होतीस, बाय?"

मी उठले आणि सरांच्या घरी गेले. त्यांच्या खोलीत गरम होत होतं. मिठागराच्या बाजूची खिडकी सरांनी त्या पावसाळ्यानंतर आतून खिळे मारून बंद केली होती. मला ते इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी त्या खोलीत कधी गेलेच नव्हते. वहिनी म्हणाल्या, "काढायचेत हो, पण माझा हात धजत नाही." मी पकड मागितली. दोन खिळे निघाले. तिसऱ्याचं डोकं तुटून हातात आलं, बाकीचा लाकडातच राहिला...

खिडकी बंदच आहे.