चार दिवस न घेतलेली गोळी

बायकांनी माझ्या पायांवर पाणी ओतलं तेव्हा मी हळदीच्या गाण्यात होते. आवाज खणखणीत लागला होता आणि समोरचा मांडव गरागरा फिरत होता.

मी धवलारीण. आमच्या आगरी लग्नात विधीविधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. तो म्हणत जी बाई विधी करून घेते ती धवलारीण. गाणं थांबलं की विधी थांबतो. शाळा माझी चौथीपर्यंत. धवले मात्र सासूने पाठ करून घेतले.

मी आणि माझी जाऊ जोडीने गायचो. जाऊ वारली आणि मी अंथरूण धरलं. जेवण नको, अंघोळ नको, गाणं तर नकोच. सुनेने कल्याणला मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, डिप्रेशन आहे, रोज एक गोळी घ्यायची. साइड इफेक्टही आधीच सांगितले. मळमळेल, घाम येईल, तोंड कोरडं पडेल, जांभया येतील. सगळ्यांना सगळं होत नाही, बरंचसं हळूहळू कमी होतं.

"त्रास झाला तर मला सांगा आजी, पण मनाने बंद करू नका."

मी मान हलवली. दीड महिन्यात माणसांत आले. मळमळ गेली. कोरडं तोंड आणि जांभया मात्र राहिल्या.

मग दिवा स्टेशनजवळच्या एका गावातून शांतारामचं बोलावणं आलं. त्याच्या मुलीचं, नेहाचं लग्न. काय काय लागेल ते ठरवायला गेले, तर चहा येईपर्यंत मला सात जांभया आल्या. मग त्याच्या बायकोला आली. मग नेहाला. शांताराम तोंड दाबून बसला, पण त्यालाही आलीच.

"मावशी, झोप नाय झाली का?"

"झाली की."

"नाय, जमत नसंल तर सांग. धवले आता मोबाईलवर हायत. स्पीकर आपला घरचाच."

ते मला झोंबलं. एकदा मांडवात स्पीकर बसला की धवलारणीला कोण बोलावतंय? त्यात धवला म्हणायला बसले की जीभ टाळूला चिकटायची. हळदीला चार दिवस होते. गोळी बंद केली. कोणाला सांगितलं नाही.

दोनच दिवसांत तोंडाला पाणी सुटलं. आवाज तर असा मोकळा झाला की मी स्वतःवरच खूश. पण चौथ्या दिवशी, ऐन हळदीच्या दुपारी, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. पाटावर नेहा एक होती, मला दीड दिसायची. मी डुलायला लागले. आणि का कोण जाणे, हसूही आवरेना.

"आई आली गो, आई आली!" कोणीतरी ओरडलं.

बायकांना वाटलं, माझ्या अंगात देवी आली. कोणी पाणी घातलं, कोणी कुंकू लावलं. शांतारामने हात जोडले. स्पीकरवाला शांताराम! खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, राहू दे. आज देवी, तर उद्या चार लग्नं जास्त.

तेवढ्यात नेहाची आत्या पुढे आली. जाडजूड बाई, डोक्यावर पदर.

"आई, बीपीच्या गोळ्या खाऊन कंटाळले. बंद करू का?"

माझी मान आपली हलतच होती.

"हो म्हणाली! आई हो म्हणाली!"

आत्या बटव्यातून गोळ्यांची पट्टी काढून फेकायलाच निघाली. मी तिचा हात धरला.

"आण ती इकडं! देवी नाय काय नाय. मीच माझी गोळी चार दिवस घेतली नाय, म्हणून डुलतेय!"



"कसली गोळी?" शांतारामने विचारलं.

"डिप्रेशनची."

"म्हंजे डोक्याची?"

"डोक्याची. गुडघ्याची असती तर असं तोंड केलं असतंस का?"

नेहा आधी हसली, मग सगळ्याच. हळदीचा हात टॉवेलला पुसून तिने माझ्या मोबाईलवरून डॉक्टरबाईंना फोन लावला. बाईंनी मला चांगलंच झापलं. आजची गोळी आत्ता घ्या, चक्कर लगेच थांबणार नाही, दोनेक दिवस जातील, उद्या दवाखान्यात या.

"गाऊ का?" मी विचारलं.

"बसून गा. उभं राहिलात तर बघा!"

गोळी माझ्या पिशवीतच होती. घेतली. शांताराम उभाच.

"मग आता, मावशी?"

"आता खुर्ची आण."

त्याने प्लास्टिकची खुर्ची आणली आणि मी कलंडू नये म्हणून विधी संपेपर्यंत मागून धरून उभा राहिला. डोळे मिटून मी सगळे धवले म्हटले. मांडव फिरत होता, मीही फिरत होते, पण एक शब्द चुकला नाही. हळद लागली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी डोस आणि वेळ बदलली. मध्येमध्ये पाण्याचा घोट घ्यायला सांगितलं. जांभया कमी झाल्या. तोंड अजून कोरडं पडतं, पण घोट घेत गाता येतं. त्या मांडवातल्या दोन बायकांनी नंतर गुपचूप फोन करून बाईंचा पत्ता घेतला. आत्या बीपीच्या गोळ्या घेते, कुरकुर करत.

गोळी नको झाली तर डॉक्टरला सांगावं. ते बदलतात, नाहीतर हळूहळू कमी करतात. ह्यात देवीला ओढू नये. तिच्याकडे आधीच गर्दी फार.