आपोआप लागलेलं गाणं

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या मामांचे.

मामा चुडाव्याला रेल्वेत गँगमन होते. वडील गेल्यावर आई मला घेऊन त्यांच्या क्वार्टरमध्ये राहायला आली आणि तिथलीच झाली. मला शाळेत मामांनी घातलं. पुढं कॉलेजसाठी परभणीला पाठवलं तेही त्यांनीच. होस्टेलवर सोडून जाताना त्यांनी एकच अट घातली होती, पत्र लिहायचं. पत्र आलं की ते रुळावर दुपारच्या सुट्टीत गँगला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मी सुट्टीला गेलो की त्यातल्या चुका माझ्यापुढं ठेवायचे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. आज कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. यातलं काहीही मामांशिवाय झालं नसतं.

मामांची गायन पार्टी होती. आम्ही बौद्ध. एप्रिल महिना लागला की मामा, एक पेटीवाला, एक ढोलकीवाला आणि मागं कोरसला चारजण असे जयंतीच्या कार्यक्रमांना गावोगाव जायचे. ताडकळसला तर त्यांना दरवर्षी बोलावणं असायचं. गाणी मामा स्वतः रचायचे. आवाज असा की मधेच लाइट जाऊन माईक बंद पडला तरी ते थांबत नसत, आणि शेवटच्या रांगेतल्या बायका उठून जात नसत.

तालीम रोज संध्याकाळी क्वार्टरमध्येच व्हायची. माझ्या दहावीच्या वर्षी मामी म्हणाली, "पोराचा अभ्यास हाय. तिकडं रुळापल्याड जाऊन बोंबला." मामांनी ते ऐकलं. वर्षभर पार्टी रुळांपलीकडच्या बाभळीखाली बसली. पुस्तक वाचता वाचता लांबून ढोलकी ऐकू यायची आणि मला कळायचं, माझ्यासाठी मामा तिकडं गेलेत.

नंतर मामांनी नांदेडहून डेक आणला. म्हणजे टेप, अँप्लिफायर सगळं एकत्र, आणि सोबत लाकडी चौकटीचे दोन मोठे स्पीकर. घरात त्यांना सगळे 'डबे' म्हणायचे. पार्टीची एकच कॅसेट होती. एका जयंतीला माईकवाल्यानं मशीनवरून परस्पर भरून दिलेली. मामा निवृत्त झाले, मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. बोलणं राहिलं, गाणं गेलं. तेव्हापासून ती कॅसेट म्हणजे मामांचा सगळा आवाज. आणि डेक तर मधूनमधून टेप खायला लागला होता.

मागच्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. "तुज्या कंपूटरमधी घालता येतंय म्हणं कॅसेट. पट्टा बदलून घेतलाय डेकचा. येऊ का घेऊन?"

"या की मामा. मीच येतो न्यायला."

"तू कशाला येतूस? पॅसेंजरनं येतो. पर येक सांगतो. भरून झाल्यावर येकदा मोठ्यानं ऐकवायचं. डब्यावर. पुन्हा मागणार न्हाई."

मी हो म्हणालो. त्यांचं मागणं एवढंच होतं.

आता माझ्या घराबद्दल सांगायला हवं. परभणीत मी तळमजल्यावर भाड्यानं राहतो, वर घरमालक. त्याआधी दोन घरं हातची गेली होती. बोलणं सगळं ठरायचं आणि गाव, मग घराणं, मग 'तुमच्यात लग्नं कुठं होतात' असं विचारून झालं की दुसऱ्या दिवशी घर भावाला द्यायचं ठरलेलं असायचं. माझं आडनाव दोन्हीकडं चालणारं आहे. या घरमालकांनी आडनाव ऐकलं आणि स्वतःच समजून घेतलं. मी त्यांचा समज दुरुस्त केला नाही. जयंतीला हार घालतो ती तसबीर आम्ही आतल्या खोलीत लावली, जिथं बाहेरचं कुणी येत नाही. बायको म्हणाली, "इथं का?" मी म्हणालो, "इथं ऊन लागत नाही."

रविवारी सकाळी मामा आले. रिक्षातून दोन्ही डबे वाकळेत बांधून, डेक मांडीवर घेऊन. आल्या आल्या घरभर फिरून त्यांनी आतल्या खोलीत जाऊन हात जोडले. बाहेर येऊन समोरच्या रिकाम्या भिंतीकडं एकदा बघितलं आणि डब्यांच्या गाठी सोडायला बसले. मला तेव्हाच समजायला हवं होतं की त्यांना समजलंय.

मी डेकच्या मागून लाल-पांढऱ्या पिनांची वायर काढून कंप्युटरच्या मागच्या निळ्या भोकात घातली. डबे मामांनी डेकला जोडलेच होते, म्हणून कॅसेट सुरू करायच्या आधी डेकचा आवाज पूर्ण बंद केला.

"मुका ठेवायचा?" मामांनी विचारलं.

"आवाज बंद असला की रेकॉर्डिंग चांगलं होतं."

हे खोटं होतं. आवाजाचं बटण कुठंही असलं तरी त्या वायरीतून जायचं तेवढंच जातं. मला वरच्या मजल्याची भीती होती. कॅसेट फिरत राहिली, खोलीत शांतता, आणि स्क्रीनवर हिरव्या रेघा उंच-बुटक्या होत पुढं सरकत राहिल्या. मामा खुर्ची जवळ ओढून त्याकडं बघत बसले.

"हे मी का?"

"हो."

"ही लांब रेघ म्हंजी तान असंल बघ." त्यांनी बोट लावलं. "दम होता तवा."

कॅसेटनं दगा दिला नाही. दोन्ही बाजू भरून झाल्या. मी हेडफोन पुढं केला. मामांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि परत दिला. "ह्ये कानात घालून ऐकायचं असतं तर डबे कशाला आणले असते रे सायेब? रिक्षावाला म्हणत हुता, लगीन हाय का."

मग मी डबे डेकवरून काढून जोडायला घेतले. घाईत मला वाटलं, स्पीकरच्या वायरी सरळ कंप्युटरलाच जोडल्या की झालं. जुन्या इअरफोनची पिन कापून तिला वायरी पिळून लावल्या. गाणं लावलं. एवढ्या थोरल्या डब्यांतून इतका बारीक आवाज आला की मामांना हसू आलं. "डास गायलाय जनू!"

खरं तर त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं होतं की कंप्युटरला हे डबे हलवण्याइतकी ताकद नसते, मधे डेक लागतोच. पण मी म्हणालो, "कंप्युटरमधून एवढाच येतो मामा." तो डासाचा आवाज मला बरा वाटला. वर जाणार नव्हता.

मामांनी "बरं" म्हटलं. खुर्चीवरून उतरून फरशीवर बसले आणि डब्याच्या जाळीला कान लावला. तळहातानं दुसरा कान झाकला. डेक जोडलेला नाही हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. त्याचं बटण ते एका हातानं फिरवत राहिले, आवाज वाढतो का म्हणून. माझी बायको चहा घेऊन आली ती दारातच थांबली.

ते मला बघवलं नाही. मी उठलो, वायरी डेकला परत लावल्या, लाल-पांढरी पिन डेकच्या मागं आणि तिचं दुसरं टोक कंप्युटरच्या हिरव्या भोकात घातलं. डबे भूंऽऽ करून घुमायला लागले. डेक विजेच्या एका बोर्डावर होता, कंप्युटर दुसऱ्यावर. दोन्ही एकाच बोर्डावर घेतल्यावर ती घरघर गेली. मी गाणं लावलं. मामांनी बटण कुठपर्यंत फिरवून ठेवलंय ते बघायचं राहून गेलं.

खोली भरून गेली. मामांचा तरुण आवाज, मागं ढोलकी, आणि पहिल्याच ओळीत ते नाव, जे घेताना आमच्या वस्तीत माणूस सावरून ताठ बसतो. खिडकीची तावदानं थरथरायला लागली. मामा फरशीवरच मांडी घालून बसले होते. त्यांचे ओठ गाण्याबरोबर हलत होते, पण घशातून काही येत नव्हतं. उजव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरत होती. इतकं खूश झालेलं मी त्यांना माझ्या निकालालाही पाहिलं नव्हतं.

एक कडवं झालं. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या आणि मी कंप्युटरची पिन उपटली. डबे ठप्प करून गप्प झाले. मामांचे ओठ अजून हलतच होते.

दारात घरमालक. वाईट माणूस नाही. हसतच आले.

"काय सर, आज जोरात? कुणाचं गाणं म्हणायचं हे?"

"काही नाही काका. स्पीकर कंप्युटरला जोडून बघत होतो. ते इंटरनेटवर एकातून एक लागत जातं ना, तसं आपोआप लागलं."

"असं होय! मला वाटलं, जयंतीची मिरवणूक एवढ्या लवकर कशी निघाली." त्यांचं लक्ष खाली गेलं. "हे कोण?"

"गावाकडचे."

मामा उठले. स्टेशन मास्तर असो, कलेक्टर असो, मामा समोरच्याला जयभीमच करतात. हे मी लहानपणापासून पाहत आलोय, त्यावरून झालेली भांडणंही पाहिली आहेत. त्या दिवशी त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार सायेब." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मशीन हाय सायेब, काईबी लावतंय. मीच म्हनलं, बंद कर म्हनून."

"अहो लावा की. रविवार आहे. एखादं भजन लावा," असं म्हणून घरमालक वर गेले.

मामा डेकपाशी गेले. बटण हळूहळू मागं आणत शून्यावर नेऊन ठेवलं. "लय भारी आलाय रं आवाज," ते म्हणाले. पण अगदी हळू. त्यानंतर ते घरात होते तोवर हळूच बोलत होते, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसं. मी पुन्हा लावतो म्हणालो, खिडक्या लावून घेऊन लावतो म्हणालो. म्हणाले, "झालं की ऐकून."

दुपारच्या गाडीनं ते निघाले. डेक आणि डबे इथंच ठेवले. स्टेशनवर मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घरं मिळत न्हाईत भाच्या. मला म्हाईत न्हाई का? नको वाईट वाटून घेऊ." त्यांनी शिवी दिली असती तर मी सुखानं घरी आलो असतो.

घरी आलो तर बायको ताटं घासत होती. म्हणाली, "तुम्ही पिन काढली तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते."

त्यानंतर किती दिवस ते डबे खोलीत तसेच होते. येता-जाता पायात यायचे. वर्गात मी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात शिकवतो, मुलं त्याबद्दल चेष्टाही करतात. तो आवाज कुणाकडून घेतलाय हे मला माहीत आहे, आणि घरी येऊन मी त्याच माणसाचा आवाज 'आपोआप लागला' म्हणून सांगितला होता. फोन करून बघितला. पण फोनवर मामा मला बोलूच देत नाहीत, "असू दे रं" म्हणतात आणि नातीच्या हातात फोन देतात. म्हणून बऱ्याच वर्षांनी पत्र लिहिलं. ते असं:

"मामा, जयभीम.

पत्राची सुरुवात तुम्ही शिकवली तशीच केली आहे. चुका असतील तर भेटीत दाखवा, पण एक चूक मी आधीच सांगतो.

काल संध्याकाळी मी वर गेलो. घरमालक काका पेपर वाचत होते. मी उभ्यानंच सांगितलं की त्या रविवारचं गाणं आपोआप लागलं नव्हतं, मी लावलं होतं. गाणारे माझे सख्खे मामा आणि ते समोर बसले होते. आम्ही बौद्ध आहोत आणि त्यांनीच मला शिकवलं, हेही सांगितलं. हे पाठ करून गेलो होतो, तरी मधे एक वाक्य चुकून पुन्हा म्हणावं लागलं.

काकांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, 'हे आधी सांगायचं ना सर.' मी म्हणालो, 'आधी सांगितलं असतं तर दिलं असतं का घर?' त्यावर त्यांनी पेपर पुन्हा उघडला. काकू चहा आणणार होत्या, तो आला नाही. मी थोडं थांबून खाली आलो. त्यांच्या मनात काय आहे हे मला खरंच कळलं नाही. घर सोडा म्हणतील किंवा म्हणणारही नाहीत.

तसबीर आज सकाळी बाहेरच्या खोलीत लावली. खिळा तुमच्या सुनेनं ठोकला. ऊन लागत नाही.

आणखी एक. रेकॉर्डिंग करताना आवाज बंद ठेवायची गरज नव्हती. आणि डासाचा आवाज येत होता तेव्हा खरं काय करायचं ते मला कळलं होतं. तुम्ही जाळीला कान लावून बसला होतात, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मला वाईट वाटून घेऊ नको म्हणू नका. ते मला वाटू द्या.

मामा, घर सोडायला सांगितलं तर डबे उचलायला या. नाही सांगितलं तर ऐकायला या. दोन्हीकडून तुम्ही याच. सगळं जोडून ठेवलंय, डेक आणि कंप्युटर एकाच बोर्डावर आहेत, घरघर येत नाही. डेकचं बटण तुम्ही शून्यावर नेऊन ठेवलंत तिथंच आहे. मी त्याला हात लावलेला नाही. ते तुम्हीच येऊन फिरवा, पाहिजे तिथपर्यंत.

तुमचा भाचा."