अर्जातला मालक

तर काल आपण टाचणीच्या तोंडातल्या टाचण्यांपाशी थांबलो होतो. हा शिंपी दिवसभर ओठांत टाचण्या धरून बोलायचा, म्हणून टाचणी. माझा लंगोटीयार. जिन्याखालच्या कोनाड्यात त्याचं शिलाई मशीन, एक बल्ब आणि गिऱ्हाइकाला बसायला पालथी बादली. तिसरं माणूस आलं की पहिल्यानं बाहेर पडायचं!

मग त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. घरातलं होतं नव्हतं ते बघता बघता संपलं. सरकारी योजनेत उपचार फुकट होता, पण अर्ज करायला हवा. आणि अर्ज म्हटलं की मी! शाळा चौथीपर्यंतच, पण अक्षर देखणं. गल्लीतले सगळे अर्ज माझ्याच हातचे. 'व्यवसाय' या रकान्यात 'शिवणकाम' एवढं लिहिलं असतं तर भागलं असतं. पण मित्राचा अर्ज, हात कसा आखडणार? झोकात लिहिलं, 'स्वतःचे शिवणकामाचे दुकान, मालक.'

अर्ज परत आला. दुकानमालकाला योजना लागू नाही म्हणे. पुन्हा अर्ज, घरी पाहणी, यात महिना गेला. त्या महिन्यात आठवड्याला तीनऐवजी कधी दोन, कधी एकच डायलिसिस. टाचणीचं तोंड सुजलं. पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राही. वहिनी त्याला पाणी चमच्यानं मोजून द्यायच्या आणि माझ्यापुढे पेला भरून ठेवायच्या. मी तो तसाच ठेवायचो. वर त्या म्हणायच्या, "भावोजी, तुम्ही होतात म्हणून अर्ज तरी गेला. त्या साहेबाचंच डोकं फिरलंय." त्यापेक्षा चप्पल काढली असती तर बरं वाटलं असतं.

अखेर योजना मिळाली. पहिल्या दिवशी मी त्याच्या खाटेशी बसलो. नळीतून त्याचं रक्त मशीनकडे जात होतं. किती दिवस गिळलेलं मी बोलून टाकलं, "टाचण्या, साहेबाची चूक नव्हती रे. मालक मी लिहिलं. तुझ्या जिवावर उठलो मी."

तो माझ्याकडे न वळताच म्हणाला,

"वाचलं होतं की मी. सही करायच्या आधी, दोनदा. मला मालक असं कुणी कधी लिहिलं नव्हतं, बरं वाटलं, म्हणून गप्प बसलो. हिला मात्र सांगू नकोस."