आडवी पोरं

"वैनी, तुमचे घरान पोरा झाली!" असं जिन्यातूनच ओरडत तरेमामा यायचे आणि शेजारच्या चार दारांतून माना बाहेर यायच्या. मला, पन्नाशीच्या बाईला, मेल्याहून मेल्यासारखं होई. मामा हिवताप विभागाचे कर्मचारी, आणि पोरं म्हणजे आमच्या पिंपातल्या डासांच्या अळ्या. पांढऱ्या डावात पाणी घेऊन ते माझ्या नाकासमोर धरत. "बगा. आडवी हायेत, म्हंजे मलेरियाची. डेंगीची उलटी लटकतान." मी नको नको म्हणेपर्यंत पिंप मोरीत रिकामं!

आमच्याकडे पाणी दिवसाआड. भरलेलं पिंप असं ओतलं की मी फणफणायची. मामा थंडपणे म्हणत, "झाकन लावा वैनी, मंग न्हाय ओतनार." निव्वळ त्यांच्यावरच्या रागाने मी झाकण लावलं नाही.

मग आमच्या ह्यांना ताप आला. हुडहुडी भरून, तोही पाण्यासारखाच दिवसाआड. मामांनीच बोटातलं रक्त काचेवर घेऊन तपासायला नेलं. मलेरिया निघाला. गोळ्या चौदा दिवसांच्या. चौथ्या दिवशी ताप गेला, हे काल्हेरच्या गोदामात ड्युटीवर जायला लागले, तरी मामा रोज सकाळी सातला दारात हजर. गोळी गिळली की म्हणायचे, "तोंड उघडा सायेब." चाळीस माणसांवरच्या सुपरवायझरला! "ताप गेलाय, जंतू न्हाय गेला. लिवरान झोपलाय." आठव्या दिवशी आम्ही कंटाळून कडीच लावली. "घेतली?" मामांनी बाहेरून विचारलं. "घेतली!" मी आतून खोटं ओरडले. चौदाव्या दिवसापर्यंत रोज हेच चाललं.

दोन महिन्यांनी तोच ताप उलटला. ह्यांना उठून बसवेना. मी घाबरून रडायला लागले. पुन्हा रक्त, पुन्हा गोळ्या. पहिल्या सकाळी मामा आले तेव्हा आता ते बोलणार म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी पाण्याचा पेला भरून ह्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "एक." पुढच्या तेरा सकाळी फक्त आकडा वाढत गेला. माणूस चार शब्द बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तेवढंही सुख दिलं नाही.

गेल्या वर्षी मामा निवृत्त होऊन पडघ्याला गेले. आता नवा माणूस येतो, दारावर खडूने तारीख टाकतो आणि चालू लागतो. परवा मला राहवलं नाही. पिंपावर झाकण होतं, तरी मी जिन्यात जाऊन ओरडले, "अहो, माझी पोरं न बघताच कुठे निघालात?"

चारही दारांतून माना बाहेर आल्या.