सखूमावशीचा शेक

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज नातवाच्या पोटदुखीसाठी सुनेने तव्यावर ओवा भाजला आणि त्या उग्र वासासरशी मला लोणावळ्यातली जुनी खोली आठवली.

तेव्हा मी दवाखान्यात कंपाउंडर होतो. माझी पाच वर्षांची मुलगी गॅसने कळवळत होती. कार्ल्याहून दूध घालायला येणाऱ्या सखूमावशीने गरम ओव्याच्या पुरचुंडीने तिचं पोट शेकलं, तशी ती शांत झाली. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी विचारलं, तेव्हा मावशी दारातच होती. तरी मी म्हणालो, "आमच्या दवाखान्याचं औषध लागू पडलं."

"पोर खेळाय लागली न्हवं, मग लय झालं," एवढंच मावशी म्हणाली.

आज सुनेला खरं सांगितलं. ती आता या शेकाला मावशीचंच नाव लावते. मावशी मात्र गेली. "मावशी, गुण तुमच्या ओव्याचा होता, माझं चुकलं," हे तिला सांगायचं राहूनच गेलं.