चौतीस जणांची एकच चाल

वॉर्डात नवा माणूस आला की मावशी आधी त्याचे पाय ऐकत, चेहरा मागाहून पाहत. पाठमोऱ्या फरशी पुसत असल्या तरी दारातून कोण आत आलं, हे मान न वळवता सांगत. मोठ्या डॉक्टरबाईंच्या चपला म्हणजे कुणीतरी घाईघाईने टाइप करतंय असा आवाज. सिस्टरची चाल अशी, की हात रिकामे असले तरी त्यांत भरलेला ट्रे आहे असं वाटावं. नुसतं ओळखून मावशींचं समाधान होत नसे, त्या करूनही दाखवत. निळा एप्रन, हातात पोछा, आणि दोन पावलांत डॉक्टरबाई वॉर्डात हजर. खुद्द डॉक्टरबाईंनी एकदा दाराआडून ते पाहिलं होतं आणि आठवडाभर त्या मुद्दाम हळू चालत होत्या.

वॉर्ड फुफ्फुसांचा. चौतीस जण पाळीपाळीने दर महिन्याला दोन दिवस तिथे भरती होत. फुफ्फुसाकडे रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या आकसत जाण्याचा आजार सगळ्यांनाच. दिसायला धडधाकट, पण चार पायऱ्या चढल्या की ओठ निळे. त्यांच्यावर एका नव्या गोळीची परीक्षा चालली होती. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, बिनऔषधाची. कुणाला कुठली, हे ना रुग्णांना ठाऊक, ना डॉक्टरबाईंना. तो कागद बाहेरच्या तपासणी समितीच्या कपाटात. आणि गोळीचा गुण येतो की नाही हे ठरायचं एकाच गोष्टीवरून: सहा मिनिटांत माणूस सपाट जमिनीवर किती चालतो.

ते मोजत मावशींचे थोरले भाऊ. सगळ्यांचे मोजणीकाका, मावशींचा दादा. वॉर्डाबाहेरचा तीस मीटरचा कॉरिडॉर म्हणजे त्यांचं राज्य. दोन टोकांना दोन नारिंगी शंकू, दर तीन मीटरला जमिनीवर पट्टी, गळ्यात स्टॉपवॉच. चोवीस वर्षांत त्यांचा एक आकडा कुणाला खोडावा लागला नव्हता. चालणाऱ्याशी बोलायची वाक्यंही ठरलेली. छान चाललंय, पाच मिनिटं राहिली. छान चाललंय, चार मिनिटं राहिली. त्यात एक ‘हं’सुद्धा जास्तीचा नाही. एकाला जास्त हुरूप दिला तर दुसऱ्यावर अन्याय होतो, असं त्यांचं म्हणणं. मावशी म्हणत, दादा वहिनीलाही याच सुरात सांगत असणार, छान चाललंय, वीस वर्षं राहिली.

फक्त एका बाबतीत दादांनी स्वतःची रीत पाडली होती. तीन वर्षांपूर्वी एक बाई चालता चालता शंकूपाशी भोवळ येऊन पडली. दादा दुसऱ्या टोकाला होते. पोहोचेपर्यंत बाईचं मनगट मोडलं होतं. त्या दिवसापासून ते प्रत्येकाबरोबर चालू लागले, ऑक्सिजनची टाकी ढकलगाडीवर ओढत. पुढे चाललं तर माणूस ओढला जातो, म्हणून अर्धं पाऊल मागे. यात काही चुकत असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही, उलट सगळ्यांना त्याचं कौतुकच होतं. मग गेल्या वर्षी त्यांचा उजवा गुडघा धरला. तरी टाकी सोडली नाही.

गोळी सुरू होऊन सहा महिने झाले, आणि आकडे पुढे आले. तीनशे अडतीस. तीनशे एक्केचाळीस. तीनशे छत्तीस. चौतीसच्या चौतीस जण पाच-दहा मीटर इकडेतिकडे. समिती शुक्रवारी बसणार होती. दोन गटांत फरक दिसला नाही तर ट्रायल बंद, गोळी बंद, असं डॉक्टरबाईंनी सोमवारी सकाळी वॉर्डात येऊन सरळ सांगितलं. सांगताना त्या नेहमीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत, खाटेच्या कडेवर बसल्या. मावशींना ते बसणं आवडलं नाही.

खाट होती कंडक्टरबाईंची. एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडलेली बाई. वॉर्डातसुद्धा तिला कुणी मध्ये उभं राहिलेलं खपत नसे. पण डॉक्टरबाई गेल्यावर ती स्वतःच खाटांच्या वाटेत उभी राहिली. मग मावशींना जवळ बोलावून म्हणाली, “मावशी, दुसऱ्या मजल्यावर राहते मी. आधी घरी जाताना चार थांबे घ्यायचे. आता एक घेते. आणि हे म्हणतात गुण नाही.”

“डॉक्टरबाईंना सांगितलंत?”

“सांगितलं की. म्हणाल्या, तुमचं जिन्यावरचं चालणं कागदावर नाही.”

 कंडक्टरबाईंची चाल मावशींच्या कानात होती. सहा महिन्यांपूर्वी न्हाणीघरापर्यंत जाताना सात पावलं, मग भिंत, पुन्हा सात पावलं. आता भिंतीला हात न लावता सरळ. मग हे पाय कॉरिडॉरमध्ये गेले की त्यांना होतं काय?

दुपारच्या चहाला वॉर्डावर सुतक आल्यासारखं झालं होतं. खिडकीजवळच्या घड्याळजींनी, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने, बिस्किट चहात बुडवलं आणि काढायचं विसरले. मावशींना ते बघवेना. त्यांनी पोछा भिंतीला टेकवला आणि विचारलं, ओळखा कोण? हा खेळ रोजचाच. त्या चालून दाखवत, बाकीच्यांनी नाव सांगायचं.

खाटांमधून त्या दोन्ही कोपर बाहेर काढून, गर्दी सारत निघाल्या. सगळे म्हणाले, कंडक्टरबाई. मग टिक टिक करत, प्रत्येक पाऊल तपासून टाकत गेल्या. घड्याळजी स्वतःच म्हणाले, हा मीच, आणि दोन मिनिटं मागे पडलोय. मग छाती काढून, हात पाठीशी. शाळेतून निवृत्त झालेले हेडसर. ते गालात हसले.

हेडसरांनीच पुढची फर्माईश केली. आता आम्हाला कॉरिडॉरमधलं करून दाखवा, परीक्षेला चालतानाचं. कंडक्टरबाईंपासून सुरू करा.

मावशींनी डोळे मिटून क्षणभर ऐकलं आणि निघाल्या. एक पाऊल ठाम, दुसरं थोडं घासत, मान जराशी मागे वळलेली. ठक, सर्र. ठक, सर्र.

“हे तर मोजणीकाका,” घड्याळजी म्हणाले.

मावशी म्हणाल्या, थांबा, चुकलं असेल. त्यांनी घड्याळजींचं केलं. ठक, सर्र. हेडसर म्हणाले, हेही मोजणीकाकाच. मग त्यांनी हेडसरांचं केलं. तोवर सगळा वॉर्ड हसून हसून धापा टाकत होता, आणि सिस्टर बोटांना लावायचे चिमटे घेऊन धावत आली होती, कुणाचा ऑक्सिजन उतरलाय ते पाहायला.

हसत नव्हत्या त्या एकट्या मावशी. त्या खाटांच्या मधोमध एक पाय पुढे टाकून तशाच उभ्या राहिल्या होत्या. नक्कल चुकली नव्हती. नक्कल त्यांची कधी चुकतच नसे. चौतीस माणसं कॉरिडॉरमध्ये जाऊन एकाच माणसासारखी चालत होती.

त्यांनी कंडक्टरबाईंना विचारलं, तिथे तुम्ही जोरात का चालत नाही?

“ऐका हिचं. मोजणीकाकांचा गुडघा गेलाय, वर माझ्यासाठीच ती टाकी ओढत येतात. मी काय त्यांना मागे टाकून पळू? शोभतं का ते?”

घड्याळजींचं तेच. हेडसरांचं थोडं उलटं, काका दुखऱ्या गुडघ्याने येतायत तर आपण भिंतीला टेकून त्यांना ताटकळत कसं ठेवायचं. प्रत्येकाला वाटत होतं, एवढी माणुसकी फक्त आपणच दाखवतोय.

मग मावशींची पंचाईत झाली. ही नोकरी त्यांना दादांनी लावून दिली होती. आईवडिलांच्या मागे वाढवलंही त्यांनीच. आणि दादांजवळ होतं काय, तर चोवीस वर्षांची न खोडलेली वही. ती खोडायला आपण जायचं, या विचाराने त्यांनी तीच फरशी तीनदा पुसली. चौथ्यांदा पोछा बुडवला आणि कंडक्टरबाईंचा जिना आठवला. पोछा तिथेच टाकून त्या कॉरिडॉरमध्ये गेल्या.

दादा शंकू पुसून ठेवत होते. मावशींनी सगळं सांगितलं. दादांचा चेहरा हळूहळू दगडासारखा होत गेला. तुझ्या नकलांवर आता औषधं ठरणार का, असं त्यांनी विचारलं. माझा आकडा चुकत नाही, असंही म्हणाले, आणि ते दोनदा म्हणाले.

“आकडा बरोबरच आहे, दादा,” मावशी म्हणाल्या. “पण तो तुझा आहे. चौतीस वेळा तूच चाललायस.”

 दादांनी स्टॉपवॉच उगाच सुरू केलं, उगाच बंद केलं. मावशींना वाटलं, आता हा माणूस आपल्याशी वर्षभर बोलणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आल्या तर कॉरिडॉरमध्ये दादा टाकी घेऊन उभे, आणि पुढे सिस्टर. सिस्टर चोवीस वर्षांची, वॉर्डात दिवसभर न दमता फिरणारी. तिला काहीही सांगितलं नव्हतं, नुसतं परीक्षेसारखं चाल म्हटलं होतं. सहा मिनिटं झाली. दादांनी पट्ट्या मोजल्या. तीनशे बावन्न. मग ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, आता पुन्हा, एकटी. सिस्टर सहाशे दहा मीटर चालली आणि वर विचारलं, झालं का, मला इंजेक्शनं द्यायचीयत.

दादांनी दोन्ही आकडे वहीत नेहमीच्या ताठ अक्षरात लिहिले. खाली लिहिलं, चूक मोजणाऱ्याची आहे. सही केली. वही घेऊन ते स्वतः डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले. ठक, सर्र, ठक, सर्र. मावशींनी ती पावलं शेवटपर्यंत ऐकली. एकही अडखळलं नव्हतं.

डॉक्टरबाई रागावतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या वही वाचून खुर्चीत मागे रेलून इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. नियमांच्या पुस्तकात लिहिलंच होतं, रुग्णाबरोबर चालू नये. ते त्यांनीही वाचलं होतं आणि मोजणीकाकांकडे पाहून सोडून दिलं होतं. म्हणून दादांच्या सहीखाली त्यांनी आपलीही सही ठोकली. शुक्रवारी समितीपुढे तीच वही ठेवली. समितीने दोन आठवडे दिले. सगळ्यांना नियमाप्रमाणे एकदा चालवा, मग ठरवू.

कुणी पडलं तर काय, हा दादांचा प्रश्न मावशींनी सोडवला. एका शंकूपाशी स्टुलावर दादा, दुसऱ्या शंकूपाशी टाकी घेऊन मावशी. कुणालाही गाठायला पंधरा मीटरपेक्षा जास्त धावावं लागणार नाही.

पहिला नंबर कंडक्टरबाईंचा. दादांनी ‘चला’ म्हटलं आणि बाई चार पावलं जाऊन थांबल्याच. मागे वळून पाहिलं. काका स्टुलावरच.

“येत नाही तुम्ही?”

दादांचा जीव किती वरखाली झाला ते फक्त मावशींना दिसलं. जास्तीचा शब्द बोलायची सोय नव्हती. ते समोर बघत राहिले. बाईंनी भुवया उडवल्या, स्वतःच्याच तोंडाने टिंग टिंग अशी डबल बेल दिली आणि निघाल्या.

ती चाल मावशींनी नीट ऐकली. कोपर बाहेर, पाऊल दमदार, रिकाम्या कॉरिडॉरमध्येही गर्दी सारत. छान चाललंय, पाच मिनिटं राहिली. श्वास लागत होता, पण तुटत नव्हता. छान चाललंय, चार मिनिटं राहिली. शंकूला वळसा घालताना बाई मावशींकडे बघून डोळा मारून गेल्या. सहा मिनिटं संपली तेव्हा दादा उठले, पट्ट्या मोजल्या, पुन्हा मोजल्या.

चारशे एकवीस.

सगळ्यांचं असं झालं नाही. घड्याळजी तीनशे सदतीसवरच राहिले. हेडसर एकटे चालताना मध्येच भिंतीला टेकले आणि दोनशे नव्वद भरले. पण आता आकडे चौतीस माणसांचे होते. कुणी जिन्यासारखं चढलेलं, कुणी घसरलेलं, कुणी होतं तिथेच. दादा वही बघून म्हणाले, किती अस्ताव्यस्त दिसतंय हे पान. आणि त्यावर मायेने हात फिरवला.

समितीने आपलं कपाट उघडलं, कागद आकड्यांशेजारी ठेवला आणि ट्रायल चालू ठेवायला सांगितलं. कारण सांगायची त्यांना मुभा नव्हती. सहा महिन्यांनी सांगायची मुभा मिळाली. लांब चाललेल्यांपैकी जवळपास सगळे खऱ्या गोळीवाले निघाले. गोळी गुणाची होती. डॉक्टरबाई ते सांगायला आल्या तेव्हा त्यांच्या चपला मावशींना जिन्यापासून ऐकू आल्या. टाइप करणारा जणू दोन हातांनी एकदम सगळी बटणं दाबत होता. आता चौतीसही जणांना खरी गोळी मिळणार होती. घड्याळजी म्हणाले, म्हणजे इतके दिवस मला चावी दिलीच नव्हती.

दिली, आणि चार महिन्यांत ते तीनशे नव्वदवर गेले. हेडसर भिंतीला न टेकता पूर्ण सहा मिनिटं चालले आणि वळताना मावशींकडे, वर्गात पहिला आलेला मुलगा बघतो, तसं बघून गेले.

त्या दिवशी चहाला दादाही वॉर्डात आले. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच. कंडक्टरबाईंनी त्यांना खाटेवर जागा करून दिली आणि पुढे सरका म्हटलं. दादांनी चहा संपवला, कप खाली ठेवला, आणि बहिणीला म्हणाले, “करून दाखव बघू एकदा. माझी चाल.”

 मावशींनी डोळे मिटले. कान देऊन ऐकलं. मग मान हलवून त्या म्हणाल्या, “नाही जमत रे दादा. आधी चौतीस जणांकडून ऐकायला मिळायची. आता कॉरिडॉरमध्ये तशी कुणी चालतच नाही.”

दादांनी त्या वाक्यावर बराच विचार केला. मग स्टॉपवॉचला हात लावत, ठरलेल्याच सुरात म्हणाले, “छान चाललंय.”

किती राहिली, ते या वेळी सांगितलं नाही.